‘राजीनामा दिला’ म्हणू नका

आयटीतल्या कुठल्याही ओळखीच्या माणसाला विचारा, जुनी नोकरी का सोडली? उत्तर ठरलेलं असतं: राजीनामा दिला. ब्रेक हवा होता, मॅनेजरशी पटत नव्हतं, नवीन काहीतरी करायचं होतं. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या पट्ट्यात गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या लोकांना एकदमच ब्रेक घ्यावासा वाटला, हे नवलच. थोडं खोदून विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. एचआरमधली एक बाई, शेजारच्या चौकटीत कॅमेरा बंद ठेवून बसलेला एक साहेब, आणि एक वाक्य: संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर रिझाइन टाका, म्हणजे तुमचं रेकॉर्ड स्वच्छ राहील.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोकरी गेली असेल तर ‘मला काढलं’ असं म्हणा. कंपनीला लेखी म्हणा, घरात म्हणा, जुम्म्याला मशिदीबाहेर चपला घालताना कोणी विचारलं तर तिथंही म्हणा, आणि पुढच्या मुलाखतीतही हेच म्हणा. शब्द बदलला की आधी आपले पैसे जातात, मग आपली माणसं लांब होतात आणि शेवटी पुढची नोकरीही लांबते. आपल्या समाजात तर हा शब्द गिळण्याची जास्तच घाई असते, म्हणून हे लिहितोय.

मी मिरजेचा, बागवान घरातला. वय चौतीस. सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि गेली अकरा वर्षं पुण्यात कोड लिहितोय. २०२५ च्या फेब्रुवारीत तो कॉल मलाही आला. त्या वेळी मी त्या कंपनीत सहा वर्षं पूर्ण केली होती. रिझाइन टाकलं नाही तर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला त्रास होईल, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, हेच सगळं मला मेलवर पाठवा. मेल आला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप लॉक झाला. मी माझ्या खासगी मेलवरून तीन ओळी पाठवल्या: मी राजीनामा दिलेला नाही, देणारही नाही. माझं काम संपलं असेल तर तसं लेखी कळवा. कायद्यानं होणारा हिशोब करा. अठरा दिवसांनी पत्र आलं. पद रद्द केलं आहे, एक महिन्याचा नोटीस पगार, झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि ग्रॅच्युइटी. सहा वर्षांचे पंधरा-पंधरा दिवस म्हणजे तीन महिन्यांचा पगार. माझ्याच टीममधल्या ज्यांनी त्या संध्याकाळी बटण दाबलं होतं, त्यांना यातला नोटीस पगार मिळाला. पाच वर्षं झालेल्यांना ग्रॅच्युइटीही मिळाली, कारण ती राजीनाम्यानं बुडत नाही. मधले तीन महिने मात्र बुडाले. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला तीन महिने म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

‘रेकॉर्ड’चं पुढं काय झालं तेही सांगतो. काहीही झालं नाही. नव्या कंपनीनं तारखा आणि पद तपासलं, विषय संपला.

हे कोणा साहेबाच्या दयेवर चालत नाही. माझ्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. संहितेत मालकांच्या बाजूनं बरंच काही वळवून घेतलं आहे आणि त्यावर भांडायला हवं, पण हा गाभा तसाच राहिला आहे. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शिवाय नव्या संहितेत कामावरून कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागं आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकानं पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा, अशी तरतूद आहे. वर्षभरात त्याच कामासाठी पुन्हा भरती केली तर काढलेल्यांना आधी विचारायचं, हीसुद्धा. हे सगळं मिळतं ते ‘कामावरून कमी केलं’ तर. स्वेच्छेनं सोडलेल्याला यातलं काही नाही. आता त्या बाईंना तुमच्या रेकॉर्डची इतकी काळजी का, ते कळलं असेल. तुमच्या ‘रिझाइन’ या एका क्लिकची किंमत त्यांच्या एक्सेल शीटमध्ये आधीच मांडलेली असते.

इथं एक अडचण आहे आणि ती आपणच उभी केलेली आहे. कायदा ‘कामगारा’चा आहे, आणि आपल्यातल्या कोणालाच स्वतःला कामगार म्हणवून घ्यायचं नसतं. आपण प्रोफेशनल. आपण असोसिएट, कन्सल्टंट, लीड. कामगार म्हणजे अब्बांच्या मार्केटमधला हमाल, चाकणच्या कारखान्यातला फिटर. खरं तर कायद्यानं तांत्रिक आणि कुशल काम करणाराही कामगारच आहे. वगळलं आहे ते व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणाऱ्यांना, आणि महिना अठरा हजारांवर पगार घेऊन देखरेखीचं काम करणाऱ्यांना. कोण कशात बसतो हे ठरवताना कोर्ट व्हिजिटिंग कार्डावरचं पद पाहत नाही, दिवसभर माणूस करतो काय ते पाहतं. नावापुढं ‘मॅनेजर’ आहे, पण सकाळपासून बग सोडवत बसतो, कोणाची भरती करण्याचा किंवा कोणाला काढण्याचा अधिकार नाही, तर तो कशाचा मॅनेजर? कंपनी वाद घालेल, वकील लागेल, वेळही जाईल. पण वाद घालायला जागा आहे. जानेवारी २०१५ मध्ये चेन्नईतल्या एका गरोदर इंजिनिअर बाईंनी आपण कामगार आहोत असं म्हणून मद्रास हायकोर्ट गाठलं, नोकरीवरून काढण्याला अंतरिम स्थगिती मिळवली आणि कंपनीनं पुढं तो आदेश मागं घेतला. कर्नाटकात २०१७ पासून आयटी कर्मचाऱ्यांची नोंदणीकृत युनियन आहे. पुण्यातही ‘नाइट्स’ ही संघटना सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी कामगार खात्याकडं नेते. आपल्या मुलांना हे माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांना तिथं जायची लाज वाटते.

या लाजेवरच बोलायला हवं, कारण कंपनीचं निम्मं काम हीच करून देते.

आपल्या बऱ्याच घरांत इंजिनिअर झालेला हा पहिलाच. त्याच्या शिक्षणाला मोहल्ल्यानं हातभार लावलेला असतो. कोणा ट्रस्टची शिष्यवृत्ती, कोणा चाचांनी भरलेली एका सेमिस्टरची फी, अम्मीच्या दोन बांगड्या. निकाल लागला तेव्हा जमातीच्या हॉलमध्ये शाल आणि गुच्छ देऊन सत्कार झालेला असतो. मग हा मुलगा फक्त नोकरदार राहत नाही, तो आख्ख्या गल्लीचं उदाहरण होतो. ‘देख, उस्मानभाई का लडका, आयटी में है.’ उदाहरणाची नोकरी कशी जाणार? बार्शीचा एक मुलगा मला माहीत आहे. नोकरी गेल्यावर सात आठवडे तो रोज सकाळी साडेआठला लॅपटॉपची बॅग घेऊन, डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि कॅम्पातल्या एका वाचनालयात संध्याकाळपर्यंत बसायचा. घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. भावाची नोकरी गेली हे कळलं तर रिश्ता मोडेल, अशी भीती. त्या सात आठवड्यांत त्यानं कोणालाच काम मागितलं नाही, कारण मागायचं म्हणजे सांगणं आलं.

आता माझ्या अब्बांच्या धंद्यातलं सांगतो. फळांच्या बाजारात नुकसान लपवत नाहीत. लपवताच येत नाही. डाळिंबाचा भाव पडला की सकाळी सातला सगळ्या मार्केटला माहीत असतं. कोणाचा माल वाटेत सडला, तर चहाच्या टपरीवर तो स्वतःच सांगतो की गाडी गेली. शेजारचा गाळेवाला त्याला चार दिवस उधारीवर माल देतो, अडत्या वसुली जरा पुढं ढकलतो, आणि माणूस पुन्हा उभा राहतो. त्यानं लपवलं तर कोण देणार उधारी? भाव पडला म्हणून बागवान नालायक ठरत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेनं प्रोजेक्ट बंद केलं म्हणून इंजिनिअर नालायक कसा ठरतो? माझी नोकरी गेल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हिशोब पूरा दिए क्या?’ पोटापुरतं शिकलेल्या माणसाला जे कळलं, ते आमच्या बॅचच्या ग्रुपवर कोणाला सुचलं नाही. तिथं सगळे फुलं आणि हात जोडलेले इमोजी टाकत होते.

मुलींच्या वाट्याला येतं ते याहून वाईट. मुलाची नोकरी गेली की घर काळजीत पडतं. मुलीची गेली की अर्धं घर सुटकेचा निःश्वास टाकतं. ‘बरं झालं, आता घराकडं बघ.’ सोलापूरकडची एक टेस्टर आमच्या ओळखीची आहे. सात वर्षांचा अनुभव, ऑटोमेशनमध्ये हात चांगला. तिनं ‘राजीनामा दिला’ असंच सासरी सांगितलं, कारण काढून टाकलं म्हणायला अपमान वाटला. मग सासरच्यांनी शांतपणे म्हटलं, तूच सोडलीस ना, मग परत कशाला शोधतेस? खोटा शब्द असा उलटून अंगावर येतो. ‘मला काढलं’ म्हणाली असती तर परत मिळवण्याचा हक्क तरी शिल्लक राहिला असता.

यानंतर येतात दिलासा देणारे. सब्र करो. रिझ्क देणारा वर बसला आहे. जो होता है अच्छे के लिए होता है. मी नमाज पढणारा माणूस आहे, माझ्या श्रद्धेला यानं धक्का लागत नाही. पण सब्र म्हणजे सही करून गप्प घरी बसणं, असं कोणी शिकवलं? आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हे आपल्याला मदरशातल्या पहिल्या वर्षातच सांगितलेलं असतं. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करण्याबद्दल जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकलं आहे. तो मजूर म्हणजे फावडं घेतलेलाच का असावा? पगार थकवलेला इंजिनिअर त्यात बसत नाही का? वेतन संहितेनं आता तेच सांगितलं आहे. नोकरी सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत राहिलेलं वेतन द्यायचं, माणसाला काढलेलं असो की त्यानं सोडलेलं असो, आणि यात मॅनेजरसुद्धा येतो. कंपन्या अजूनही ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ म्हणतात आणि आपण मान डोलावतो.

एक वर्ग असाही आहे जो नोकरी गेल्यावर घराच्या कर्जाचं बोलतो. व्याजाच्या पैशानं घेतलं, बरकत कशी राहील! हे म्हणणारे बहुतेक बापजाद्यांच्या घरात राहतात. पुण्यात मुसलमान जोडप्याला भाड्यानं घर मिळवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं, नाव सांगितल्यावर फ्लॅट ‘कालच गेला’ कसा असतो, हे त्यांना माहीत नसावं. अनेकांनी कर्ज काढलं ते चैनीसाठी नाही, दर अकरा महिन्यांनी तोच अपमान नको म्हणून. व्याजाची चर्चा जरूर करा, फुरसतीत करा. नोकरी गेलेल्याच्या दारात करू नका.

नावाचा विषय निघालाच आहे तर तोही टाळत नाही. नोकरी गेली की आपल्याकडं कोणीतरी कानात सांगतंच, ‘नाम की वजह से हुआ.’ माझ्या यादीत नऊ जण होते. त्यात मुसलमान मी एकटा. बाकीचे देशपांडे, जाधव, रेड्डी, एक केरळचा ख्रिश्चन, असे सगळे. आमच्यात समान काय होतं, तर पगार वरच्या पट्टीतला आणि प्रोजेक्ट संपत आलेलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हाही बोट मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होतं. ही पगाराची कात्री आहे. तिला धर्माची कात्री म्हटलं की पहिलं नुकसान आपलं, कारण मग उरलेल्या आठ जणांशी आपलं काही नातं राहत नाही. आम्ही नऊ जणांनी मिळून एकच मेल पाठवला असता तर अठरा दिवस लागले नसते. मी विचारलं होतं. दोघे तयार झाले, तोवर बाकीच्यांनी बटण दाबलं होतं.

पण नोकरी शोधताना नाव आडवं येतं, हे खरं आहे आणि ते कोणी नाकारू नये. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो अभ्यास छापून आला. मुस्लिम नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं निघालं. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशननं मुलींच्या नावांनी हाच प्रयोग केला. हजार जागांना अर्ज, बायोडेटा तोच. हिंदू नावाला २०८ होकारार्थी उत्तरं आली, मुस्लिम नावाला १०३. खासगी कंपनीनं धर्मावरून नोकरी नाकारू नये असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडं नाही. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. असा कायदा हवा, आणि तो मागण्याचं काम आपल्यासारख्या चळवळींचंच आहे. पण कायदा येईपर्यंत हप्ता थांबत नाही.

तोवर करायचं काय? वेबसाइटवरून दिवसाला चाळीस अर्ज टाकत बसलात तर तुमचं नाव आणि त्या ओळीत उभी असलेली बाकीची नावं, एवढंच कोणीतरी सहा सेकंद पाहणार. रेफरलनं गेलेला अर्ज वेगळा वाचला जातो, कारण तो पाठवणारा आतला माणूस तुम्हाला ओळखतो. मला पाच महिन्यांत जे अकरा इंटरव्ह्यू मिळाले, त्यातले आठ ओळखीतून आले. आणि ओळखीचे लोक कामाला लागले, कारण मी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना सांगितलं होतं: मला काढलंय, बॅकएंडचं काम येतं, जावा आणि पोस्टग्रेस, पुणे किंवा घरून, लगेच रुजू होऊ शकतो. एवढं नेमकं सांगितलं की समोरच्याला पुढं पाठवणं सोपं जातं. ‘काही असेल तर बघ’ म्हणणाऱ्यासाठी कोणी काही बघत नाही.

पण रेफरलमध्येही आपलं एक दुखणं आहे आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मोठ्या कंपन्यांत बसलेले आपले कितीतरी लोक मुसलमान उमेदवाराचा बायोडेटा पुढं पाठवायला कचरतात. ‘लोक म्हणतील, आपल्याच लोकांना आणतो.’ शेजारचा माणूस आपल्या कॉलेजचे, आपल्या गावचे, आपल्या क्रिकेट टीमचे चार जण बिनदिक्कत पुढं करतो, त्याचा बोनसही घेतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. एकाच साहेबांचं सांगतो, नाव नाही सांगत. जकात नियमित देतात, रमजानमध्ये किराणा वाटतात, पण चार ओळींचा रेफरल द्यायला त्यांना दोन महिने लागले. अहो, लायक नसेल तर देऊ नका. पण लायक असूनही आडनाव बघून थांबत असाल, तर त्या अभ्यासातल्या मालकात आणि तुमच्यात फरक काय?

मुलाखतीत काय सांगायचं, हे मला सारखं विचारतात. एका वाक्यात सांगा: पद रद्द झालं, टीममधल्या नऊ जणांना कमी केलं, हे पत्र. बस, आणि पुढं कामावर बोला. गॅप झाकायला तारखा वाढवू नका. पीएफच्या यूएएनवर नोकरीच्या तारखा दिसतात आणि बहुतेक कंपन्या तिथंच बघतात. काढल्यामुळं ऑफर जात नाही, खोट्या तारखेमुळं जाते. पैसे घेऊन अनुभवाचं पत्र देणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’वाल्यांपासून लांब राहा. नोकरी देण्याआधी पैसे मागणारा प्रत्येक जण चोर, याला मी अजून तरी अपवाद पाहिलेला नाही. लाखभर रुपयांचे कोर्स विकणारेही नोकरी गेलेल्यांच्या वासावरच असतात. शिकायला हवंच, मीही त्या पाच महिन्यांत क्लाउडचं बरंच शिकलो, बहुतेक फुकट साहित्यावरून. पण कोर्स पहिल्या दिवशी घ्यायचा नसतो. आधी कागद, मग माणसं, मग अभ्यास. ‘ले-ऑफ ही संधी आहे’ असं लिहिणाऱ्यांना मी सरळ म्यूट करतो. त्यांच्या घरात संधी आलेली नसते.

एक छोटी गोष्ट, पण महागात पडणारी. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि त्यातच अम्मी-अब्बांची शुगर, बीपी सगळं असतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा हक्क आहे, पण अर्ज वेळेत करावा लागतो. कॉल आल्याच्या आठवड्यातच विचारा. पीएफ मोडून खाऊ नका, पेन्शनसाठीची सेवेची वर्षं त्यात अडकलेली असतात.

मला शेवटी जुन्या पगारापेक्षा कमीवर नोकरी मिळाली. बेंगळुरूची एक ऑफर बरी होती. पण तिथं पुन्हा घर शोधायचं, मुलीची शाळा, आणि नाव सांगितल्यावरचा तो घरमालकाचा थांबलेला आवाज. बदलीच्या शहराचा खर्च मांडताना माझ्या मित्रांना ट्रकभाडं धरावं लागतं, आम्हाला हेही धरावं लागतं. मी पुण्यातली कमी पगाराची घेतली. तीन महिन्यांचा तो पगार हाती नसता, तर निवड करायलाही जागा नसती.

आता आपल्या संस्थांकडं वळतो. आपल्याकडं इंजिनिअर होण्यासाठी शिष्यवृत्ती आहे, त्याचे सत्कार आहेत, करिअर मार्गदर्शनाचे मेळावे आहेत. बावीस वर्षांच्या मुलासाठी सगळं आहे. चौतीस वर्षांच्या, दोन पोरांच्या, हप्ता चुकलेल्या इंजिनिअरसाठी काय आहे? कर्जात अडकलेला माणूस जकातीच्या आठ हकदारांत मोजला आहे, पण गेल्या वर्षापर्यंत जकात देणारा हात यंदा घ्यायला पुढं येत नाही, आणि ते मी समजू शकतो. त्याच्यासाठी कर्ज-ए-हसना आहे. बिनव्याजी, मुदतीचं, सहा महिन्यांचे हप्ते भागतील एवढं, नोकरी लागल्यावर फेडायचं. यासाठी नवीन इमारत लागत नाही. पगार चालू असलेल्या चाळीस जणांनी महिना हजार रुपये टाकले तरी सुरुवात होते. त्याच्या जोडीला कामगार कायदा जाणणारा एक वकील, महिन्यातून दोन तास. आणि कोण कुठल्या कंपनीत आहे याची एक यादी, जी बघून रेफरल मागता येईल. यात फक्त मुसलमानच असावेत असंही नाही. जाधव आणि रेड्डीही आले तर चांगलंच, नऊ जणांचा मेल तिथूनच तयार होईल.

आम्ही पाच-सहा जणांनी एवढं सुरू केलं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोंढव्यात एकाच्या घरी बसतो. येणाऱ्यांतले बहुतेक जण सही करून झाल्यावर येतात आणि दारातच म्हणतात, आता काही उपयोग नाही. उपयोग असतो. दबाव टाकून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे, असं म्हणता येतं. फक्त ते लगेच आणि लेखी म्हणावं लागतं. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, खासगी मेलवरून एचआरला लिहा की अमुक तारखेला अमुक वाजता कॉलवर मला असं सांगण्यात आलं आणि म्हणून मी बटण दाबलं, ही माझी इच्छा नव्हती. त्याची प्रत जपून ठेवा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करताना तोच पहिला कागद लागतो. येताना ऑफर लेटर, शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा आणि कॉलच्या निमंत्रणाचा स्क्रीनशॉट घेऊन या. लॅपटॉप लॉक व्हायच्या आधी घेतलेला असेल तर उत्तम.